पियानोच्या डावीकडची खुर्ची

ओहायो राज्यातल्या एका लहान विद्यापीठाच्या गावात मी नऊ वर्षांपासून राहते. नोकरी विद्यापीठाच्या लेखा विभागात आहे आणि आठवड्यातली एक संध्याकाळ संगीत विभागाच्या इमारतीत, एका पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे पियानो शिकण्यात जाते. पुण्यात शाळेत असताना मी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानोच्या पाचव्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. पुढे कॉलेज, नोकरी आणि स्थलांतर यांत पियानो सुटला, तो चाळिशीत पुन्हा हाती घेतला. विभागातल्या पियानोच्या ज्येष्ठ प्राध्यापिकांशी माझी ओळख जिन्यात भेटल्यावर हसण्यापुरतीच होती. मी त्यांना मनात ‘बाई’ म्हणते, ही पुण्याच्या शाळेची सवय. येथेही तसेच लिहिते. जानेवारीच्या अखेरीस बाईंनी मला जिन्यात थांबवले आणि फेब्रुवारीतल्या त्यांच्या कार्यक्रमात पाने उलटण्यासाठी याल का, असे विचारले. नेहमीच्या विद्यार्थिनीची त्याच दिवशी दुसऱ्या गावी परीक्षा होती आणि स्वरलिपी वाचता येणारी, वेळ पाळणारी व्यक्ती म्हणून माझ्या शिक्षकाने माझे नाव सुचवले होते.

कार्यक्रम चेंबर म्युझिकचा, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताचा होता. आमच्या संगीत विभागात पियानो, व्हायोलिन आणि चेलो शिकवणाऱ्या तिघांचे एक कायमचे त्रिकूट आहे. वर्षातून दोन-तीन वेळा ते बाहेरचे वादक पाहुणे म्हणून बोलावतात आणि तिघांत वाजवता येत नाहीत अशा रचना वाजवतात. या वेळी एक व्हिओलावादक आणि एका मोठ्या शहरातल्या वाद्यवृंदातला डबल बेसवादक येणार होता. व्हिओला म्हणजे व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या आवाजाचे वाद्य आणि डबल बेस म्हणजे या घराण्यातले सर्वांत मोठे, सर्वांत खालच्या स्वरांचे. आधी मोझार्टची जी मायनर या पट्टीतली पियानो क्वार्टेट, म्हणजे पियानो, व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चार वाद्यांची रचना, नंतर कोडायची व्हायोलिन आणि चेलो या दोनच वाद्यांची रचना आणि मध्यंतरानंतर शूबर्टची ‘ट्राउट’ ही पाच वाद्यांची क्विंटेट, असा क्रम ठरला होता. या गावात राहून मी असे कितीतरी कार्यक्रम ऐकले आहेत. पण ते ऐकले तिसऱ्या-चौथ्या रांगेतून.

पाने उलटायला माणूस का लागतो, हे आधी सांगायला हवे. व्हायोलिन किंवा चेलो वाजवणाऱ्याच्या समोर फक्त त्याच्या वाद्याचे स्वर लिहिलेले असतात. त्यामुळे एका पानावर बरेच संगीत मावते आणि छापणारे बहुधा अशा ठिकाणी पान संपवतात, की तेथे त्या वाद्याला चार क्षण विश्रांती असते. पियानोवादकाच्या समोर मात्र सगळ्यांचेच संगीत असते. इतर वाद्यांच्या ओळी वर बारीक टाइपात आणि खाली पियानोच्या दोन ओळी. म्हणून एका पानावर थोडेच बार, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे लहान तुकडे, मावतात, पान लवकर संपते आणि त्या वेळी दोन्ही हात बहुधा पट्ट्यांवर अडकलेले असतात. आता पुष्कळ पियानोवादक टॅब्लेटवर वाचतात आणि पायाखालच्या पेडलने पान बदलतात. बाईंनी तो प्रयोग करून सोडून दिला होता. समोर एकाच वेळी दोन पाने उघडी नसली, की पुढचा रस्ता दिसत नाही आणि त्यांना रस्ता दिसायला हवा असतो, असे त्या म्हणाल्या.

त्यांनी मला मोझार्ट आणि शूबर्ट यांच्या प्रतींच्या छायाप्रती दिल्या आणि दोन आठवडे दिले. मी रोज रात्री जेवणानंतर ध्वनिमुद्रण लावून त्या कागदांवर बोट फिरवत बसे. दोन्ही रचना मिळून पन्नासच्या आसपास पाने उलटायची होती. पहिल्या तीन-चार दिवसांत मला असा विश्वास वाटू लागला, की हे काम म्हणजे नीट वाचत राहणे, एवढेच आहे. तो विश्वास पहिल्याच तालमीत गेला.

पहिली तालीम मोझार्टची, गुरुवारी संध्याकाळी. व्हिओलावादक पाहुणी त्याच दुपारी गावात पोचली होती आणि तिने कोट काढायच्या आधी वाद्य काढले, कारण बाहेरच्या थंडीतून आत आल्यावर तारा किती उतरल्या आहेत, हे तिला पाहायचे होते. बाईंनी मला खुर्ची कोठे ठेवायची ते दाखवले. पियानोवादकाची उजवी बाजू श्रोत्यांकडे असते आणि बाकीचे वादक त्याच बाजूला, पियानोच्या वळणापाशी बसतात. पाने उलटणारी व्यक्ती डावीकडे, थोडी मागे बसते, म्हणजे ती उभी राहिली तरी वादकांच्या आणि बाईंच्या नजरेच्या मध्ये येत नाही. पान संपायच्या थोडे आधी आवाज न करता उठायचे, डावा हात वरून नेऊन उजव्या पानाचा वरचा कोपरा दोन बोटांत धरायचा आणि बाईंनी मान किंचित हलवली, की एका हालचालीत पान उलटून ते हलकेच दाबायचे. हात कधीही पट्ट्यांवरून न्यायचा नाही. बाहीने पान झाकायचे नाही. अत्तर लावायचे नाही, हातात काही वाजणारे घालायचे नाही. संगीत कितीही आवडले तरी मान डोलवायची नाही.

ही शेवटची अट मला सर्वांत कठीण गेली. लहानपणी सुट्टीत मिरजेला आत्याकडे गेले, की तिच्या बैठकीत मागे तंबोरा घेऊन बसण्याचे काम माझ्याकडे येई. तेथेही मागे बसलेल्या मुलीने लक्ष वेधून घेऊ नये अशी शिस्त होती, पण चांगल्या जागेला मान हलली तर आत्या रागवत नसे; समेवर सगळी खोलीच हलत असे. येथे मी व्यासपीठावर आहे आणि तरी नाही, असे असायला हवे होते. चेलो वाजवणाऱ्या प्राध्यापकांनी तालमीच्या मध्ये येऊन मला दोन गोष्टी आपणहून सांगितल्या. एक, बसल्यावर उजवा हात गुडघ्यावर ठेव, नाहीतर बोटे नकळत ताल धरतील. आणि दुसरे, उठायची घाई कर, उलटायची करू नको. या जागेबद्दल त्यांना एवढे नेमके कसे माहीत, याचे मला तेव्हा नवल वाटले.

मोझार्टने ही रचना १७८५च्या ऑक्टोबरमध्ये पुरी केली. व्हिएन्नातल्या हॉफमाइस्टर या प्रकाशकाने अशा तीन रचना मागितल्या होत्या, पण पहिलीच इतकी अवघड निघाली, की ती विकत घ्यायला घरगुती वादक तयार होईनात आणि करार तेथेच सोडण्यात आला, असे सांगितले जाते. मोझार्टने पुढच्या वर्षी दुसरी लिहिलीच. ही हकिकत मी वाचली होती, पण अवघडपणा कोठे आहे, ते खुर्चीवरून कळले. रचनेची सुरुवात चारही वाद्ये एकाच स्वरपंक्तीने करतात, सगळी एकत्र, जोरात, आणि लगेच पियानो एकटा उत्तर देतो. कोणी हाताने ताल दाखवणारा नाही. चौघांनी एकाच क्षणी सुरू कसे व्हायचे? व्हायोलिनवादकाची पाठ बाईंकडे होती. व्हायोलिनवादकांनी श्वास घेतला. तो श्वास मला ऐकू आला आणि त्याच श्वासाच्या वेगात पुढच्या संगीताची लय ठरलेली होती. पहिल्या तीन वेळा त्यांना ते पसंत पडले नाही. तिसऱ्यांदा व्हिओलावादक म्हणाली, की श्वास जलद आहे आणि संगीत त्याहून सावकाश आहे, म्हणून आपण अडखळतो. चौथ्यांदा श्वास बदलला आणि चारही वाद्ये एका आवाजात उतरली. बरीच वर्षे श्रोत्यांत बसूनही मला हा श्वास ऐकू आला नव्हता.

माझी पहिली चूक त्याच भागात झाली. पहिल्या भागाचा पूर्वार्ध पुन्हा वाजवायचा असतो, त्यामुळे पुनरावृत्तीच्या खुणेशी आल्यावर बरीच पाने एकदम मागे न्यावी लागतात. मी तेथवर बरोबर पोचले, पण मागे जाताना एक पान जास्त गेले. बाई थांबल्या नाहीत. पाठ असलेले वाजवत राहिल्या आणि डाव्या हाताला अर्धा क्षण मिळताच त्यांनीच पान पुढे केले. थांबल्यावर त्या रागावल्या नाहीत. पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, की ही प्रत आता तुमचीही आहे, तुम्हाला दिसेल अशी खूण करा. पुनरावृत्ती जेथून सुरू होते त्या पानाच्या कडेला मी कागदाची पट्टी चिकटवली. त्यांच्या स्वतःच्या खुणा प्रतीत जागोजागी होत्या. अनेक ठिकाणी एक लहानसा चष्मा काढला होता. समोरच्यांकडे पाहा, अशी ती खूण, आणि वादक ती सर्रास वापरतात.

दुसरी अडचण हवामानाची होती. फेब्रुवारीत बाहेर बर्फ आणि आत दिवसरात्र गरम हवा, त्यामुळे सभागृहातली हवा इतकी कोरडी होते, की बोटे कागदावरून घसरतात आणि कागद मात्र एकमेकांना चिकटतात. बोट जिभेला लावणे तर शक्यच नव्हते. माझी आई पुण्याला बँकेत रोखपाल होती आणि तिच्या टेबलावर नोटा मोजण्यासाठी पाण्यात भिजवलेला स्पंज एका वाटीत असे. शुक्रवारी मी स्पंजाचा एक तुकडा ओला करून लहान डबीत ठेवला आणि ती डबी खुर्चीच्या पायाशी. शिवाय रात्री घरी बसून मूळ प्रतींतल्या प्रत्येक उजव्या पानाचा वरचा कोपरा किंचित वळवून घेतला. बाईंनी त्याला आनंदाने परवानगी दिली. त्यांच्या प्रतीचे कोपरे आधीच अनेक बोटांनी मऊ झालेले होते.

डबल बेसवादक पाहुणा शुक्रवारी संध्याकाळी उशिरा, बर्फातून गाडी चालवत आला आणि शनिवारी सकाळी ‘ट्राउट’ची पहिली पूर्ण तालीम झाली. या तालमीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण कार्यक्रमात श्रोत्यांनी जे ऐकले, त्यातले बहुतेक त्या चार तासांत ठरले.

शूबर्टने ही रचना १८१९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी लिहिली. त्या उन्हाळ्यात तो फोगल या गायकाबरोबर ऑस्ट्रियातल्या श्टायर या गावी गेला होता. तेथे पाउमगार्टनर नावाचा, हौसेने चेलो वाजवणारा एक अधिकारी होता. त्याच्या घरी संगीताच्या बैठका होत आणि शूबर्टचे ट्राउट माशावरचे गाणे त्याला फार आवडत असे. त्याच्या विनंतीवरून ही पाच वाद्यांची रचना झाली आणि तिच्या चौथ्या भागात त्या गाण्याची चाल आली. नेहमीच्या पियानो क्विंटेटमध्ये दोन व्हायोलिन असतात. येथे दुसऱ्या व्हायोलिनच्या जागी डबल बेस आहे. त्यामुळे काय होते, ते बेसवादकाने तालमीत एका प्रश्नाच्या उत्तरात वाजवूनच दाखवले. खालचा पाया त्याच्याकडे गेल्यामुळे चेलोला वर येऊन गाता येते आणि पियानोच्या डाव्या हातालाही खाली थांबावे लागत नाही. शूबर्टने दोन्ही हातांना वरच्या सप्तकांत, एकमेकांपासून एका सप्तकाच्या अंतरावर, तीच स्वरपंक्ती दिली आहे. पाण्यावरचा उजेड म्हणून या रचनेबद्दल जे बोलले जाते, ते या मांडणीतून येते.

पण या मांडणीने बेसवादक आणि बाई यांच्यात एक खरा मतभेदही उभा केला. बेस वर्तुळाच्या मागे, पियानोच्या वळणात उभा राहिला, की त्याचे स्वर सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जात, पण बाईंना ते उशिरा ऐकू येत आणि त्या पुढे निघून जात. बेस पुढे घेतला, की बाईंना ऐकू येई आणि चेलो झाकला जाई. मग पियानोचे झाकण पूर्ण उघडावे, की अर्धे, यावर अर्धा तास गेला. व्हायोलिनवादक रांगांमध्ये फिरून ऐकत होते, बाकीचे तेच वीस बार पुन्हा पुन्हा वाजवत होते. शेवटी झाकण पूर्ण उघडे, बेस मागेच, पण दोन पावले डावीकडे, असे ठरले. त्यात माझी खुर्चीही सरकली, कारण आता बाईंना बेसवादकाचा गज दिसायला हवा होता आणि मध्ये माझे डोके येत होते. बसून असतानाही मी कोणाच्या तरी वाटेत असू शकते, हे तेव्हा लक्षात आले.

तिसरा भाग अतिशय जलद आहे. त्यातले तुकडे पुन्हा वाजवायचे, मग मधला भाग, मग पुन्हा पहिल्यापासून. तेथे पाने पुढे-मागे, पुढे-मागे जातात. बाई म्हणाल्या, की जलद भागात त्यांची नजर दोन बार पुढे असते, म्हणून पान त्या वाजवत असलेल्या स्वरापाशी नव्हे, त्यांच्या नजरेपाशी संपते. संथ भागात तेच पान अगदी शेवटच्या स्वरापर्यंत थांबले पाहिजे, कारण त्या वेळी हलणारा कागद त्यांना आवाजासारखा जाणवतो. म्हणजे मला त्यांचे डोळे कोठे आहेत, ते ओळखायचे होते. कान ऐकत असलेले संगीत आणि डोळे वाचत असलेले संगीत यांत सतत एक-दोन बारांचे अंतर ठेवायचे होते. शनिवारी दुपारपर्यंत मला याची थोडी सवय झाली आणि त्याबरोबर एक दुःखही झाले, की आपण या रचनेच्या इतके जवळ बसूनही ती ऐकत नाही आहोत. कानावर पडत होती, पण मी पुढच्या कोपऱ्याकडे निघालेली असे.

शेवटच्या भागात मी पुन्हा चुकले आणि ही चूक पहिलीपेक्षा मोठी होती. त्या भागाचा उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धच, वेगळ्या पट्टीत. डोळ्यांना पाने सारखीच दिसतात. मी एका पानावर होते आणि मनाने दुसऱ्या, तशाच दिसणाऱ्या पानावर. बाईंनी मान हलवली, ती मी पाहिली नाही. पान उशिरा उलटले आणि तीन बार त्यांनी सोडले. सगळे थांबले. कोणीही माझ्याकडे पाहिले नाही, हे त्यांचे सौजन्य होते. बाईंनी शांतपणे विचारले, की कोठे हरवलात? मी जागा दाखवली. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. सारखे दिसणारे संगीत वाचून लक्षात ठेवू नका, खालून बेसचा स्वर ऐका, तो वेगळा आहे. त्यानंतर बेसवादकाने उत्तरार्धाचे पहिले काही बार एकट्याने, सावकाश, माझ्यासाठी वाजवून दाखवले. तो एक तासाच्या प्रवासानंतर मिळालेला तालमीचा वेळ होता आणि त्यातली दोन मिनिटे त्याने पाने उलटणारीला दिली. या कामात ऐकणेही आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले आणि शनिवारची रात्र मी छायाप्रती बाजूला ठेवून, फक्त बेस ऐकत काढली.

रविवारी कार्यक्रम तीन वाजता होता. मी बांगड्या आणि घड्याळ घरीच काढून ठेवले, घट्ट बाह्यांचा काळा कुर्ता घातला. साडीचा विचार मनात आला होता, पण पदर पुढे आला असता. प्रवेश विनामूल्य असल्याने सभागृह बहुतेक भरले होते. पुढे गावातली वयस्कर मंडळी, मागे विद्यार्थी. वादक एकामागून एक आत गेले, मी सर्वांत शेवटी, प्रती छातीशी धरून. वादकांनी वाकून अभिवादन केले, तेव्हा मी प्रत पियानोवर ठेवत होते. पाने उलटणाऱ्याने अभिवादन करायचे नसते.

मोझार्टबद्दल मला थोडेच आठवते आणि ते चांगले लक्षण मानते. पहिला श्वास ऐकला. मागे जाण्याच्या जागी कागदाची पट्टी बोटाला लागली. मधल्या संथ भागात बाईंच्या मानेची हालचाल इतकी बारीक होती, की ती मला दिसण्याऐवजी जाणवली, आणि पान शेवटच्या स्वरापर्यंत थांबले.

कोडायची रचना सुरू होण्यापूर्वी बाई आणि मी पडद्यामागे आलो. ही १९१४ सालची रचना. हंगेरीतल्या खेड्यांत फिरून लोकगीते गोळा करणाऱ्या या संगीतकाराने दोनच वाद्यांतून केवढा मोठा आवाज उभा केला आहे, ते पडद्यामागून, बाजूने ऐकताना विशेष जाणवले. एक वाद्य गाते, तेव्हा दुसरे तार छेडत त्याला जमीन देते आणि मग भूमिका बदलतात. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, हातमोजे घातलेले, कारण पडद्यामागे दारातून थंड हवा येत होती. तेवीस-चोवीस वर्षे ज्यांच्याबरोबर वाजवले, त्यांचे वाजवणे त्या नवीन असल्यासारख्या ऐकत होत्या.

मध्यंतरानंतर ‘ट्राउट’. चार वाद्यांचा एकत्र सूर आणि त्यावरून पियानोची वर झेपावणारी स्वरपंक्ती. ती पहिली उसळी झाली आणि मी बाईंच्या डोळ्यांबरोबर चालू लागले. पहिला भाग, दुसरा, तिसऱ्यातले पुढे-मागे जाणे, सगळे नीट पार पडले. एकदा दोन पाने चिकटली. मी आधीच उठून कोपरा धरलेला होता, म्हणून ती अंगठ्याने सोडवायला वेळ मिळाला. उठायची घाई कर, उलटायची करू नको.

मग चौथा भाग. येथे गाण्याची चाल प्रथम फक्त चार तंतुवाद्ये वाजवतात. पियानो गप्प असतो. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. तालमीतही त्या असेच करत, पण तेव्हा मी पुढचे पान तपासत असे. आता पुढचे पान तपासून झालेले होते आणि मला काहीच काम नव्हते. बाईंना काम नव्हते, मला नव्हते, आणि आमच्यापासून चार हातांवर व्हायोलिन ती साधी चाल वाजवत होते, खाली व्हिओला आणि चेलो भरत होते, बेस जणू पाण्याचा तळ. गजावरच्या केसांचा तारेला लागतानाचा बारीक घासता आवाज ऐकू येत होता, जो रांगांपर्यंत कधीच पोचत नाही. मूळ गाण्यात पियानोची माशासारखी उडी मारणारी साथ आहे, ती शूबर्टने येथे काढून ठेवली आहे. चाल उघडी आहे. त्या मिनिटभरात मला पुढचा कोणताही बार वाचायचा नव्हता आणि मी फक्त त्या क्षणी वाजणारे ऐकले. माझा उजवा हात गुडघ्यावर होता. डोळ्यांत पाणी आले, ते मी पुसले नाही, कारण हात हलवायचा नव्हता.

त्यानंतर चाल एकेका वाद्याकडे जाते. पियानोकडे, मग व्हिओलाकडे आणि वर व्हायोलिनची नक्षी. मग चेलो आणि बेस ती खाली धरतात आणि पियानो त्यावरून इतक्या जलद धावतो, की पान स्वरांनी काळे दिसते. ते पान उलटणे साऱ्या कार्यक्रमातले सर्वांत अवघड. मी डोळे पानावरून काढले आणि बेस ऐकला. चाल संपत आली, ते त्याच्या गजावरून कळत होते. बाईंची मान हलली, तेव्हा पान निम्मे उलटलेले होते. पुढे एक वादळी विस्तार, मग चेलोने गायलेला संथ विस्तार आणि अखेरीस, इतका वेळ लपवून ठेवलेली ती माशाची उडी पियानोत येते. मागच्या रांगांतल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी हलकेच हसले. मलाही तेव्हा मान डोलवावीशी वाटली.

शेवटच्या भागाचा पूर्वार्ध असा जोरात संपतो, की रचनाच संपली असे वाटते. वादकांनी तेथे पुनरावृत्ती घ्यायची नाही, असे ठरवले होते आणि श्रोते टाळ्या वाजवतील, हेही त्यांना ठाऊक होते. तसेच झाले; डावीकडच्या रांगांतून टाळ्या आल्या. पाचही जण गज आणि हात हवेत धरून थांबले, चेहऱ्यावर कसलीही नापसंती न आणता, आणि टाळ्या आपोआप विरल्यावर तोच घंटेसारखा लांब स्वर वेगळ्या पट्टीत आला. मी खालून बेस ऐकत होते. या वेळी मला माझे पान माहीत होते.

कार्यक्रम संपल्यावर वादक तीनदा आत-बाहेर गेले. मी प्रती गोळा केल्या, डबी उचलली. बाहेर अंधार पडत होता. बेसवादकाला त्याच रात्री परतायचे होते, म्हणून चेलोच्या प्राध्यापकांनी आणि मी त्याचे वाद्य मागच्या दारातून गाडीपर्यंत नेले. बर्फात पेटीची चाके रुतत होती आणि आम्ही ती दोन्ही बाजूंनी उचलून धरली.

परत आले तेव्हा बाई रंगपटात ‘ट्राउट’ची प्रत उघडून बसल्या होत्या. प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी ती रचना जेथे जेथे वाजवली, त्यांची यादी ठेवली आहे. तारीख, गाव, चार वादकांची नावे आणि शेवटी पाने उलटणाऱ्याचे नाव. आजची नोंद त्या करत होत्या. माझ्या नावाचे स्पेलिंग त्यांनी विचारून घेतले आणि ते लिहीत असताना मी वरच्या नोंदी वाचल्या. पहिली नोंद पुष्कळ जुनी, याच सभागृहातली होती. तिच्यात चेलोसमोर एक अनोळखी नाव होते. आणि शेवटी, पाने उलटणाऱ्याच्या जागी, तेव्हा विद्यार्थी असलेल्या आमच्या चेलोच्या प्राध्यापकांचे.